तुम्ही विचारलंत म्हणून: तोंड एवढं लहान का ठेवलं?

फडताळातलं ते लाकडी पात्र हातात घेतलं की प्रत्येकजण आधी तोंडात बोट घालून बघतो, मग पोटाच्या भोकातून पलीकडे बघतो, आणि मग विचारतो, "तोंड एवढं लहान कशाला ठेवलंत? मोठं ठेवलं असतं तर आत दिसलं असतं, आणि हे भोक पडलं नसतं." मी दर वेळी "माझं पहिलंच होतं हो" म्हणून विषय संपवते. ते खोटं नाही, पण पुरेसंही नाही. तेव्हा एकदा नीट सांगते.

आधी माझी बाजू. तोंड मोठं ठेवलं की त्याचा वाडगा होतो. वाडगे मी तोवर बरेच कातले होते. मला हवा होता तो खांदा, अरुंद तोंडापासून निघून अलगद पोटाकडे उतरणारा. आणि मला हवं होतं ते हलकेपण. असं पात्र दिसतं भरीव ओंडक्यासारखं, आणि उचललं की हात नकळत वर जातो, इतकं ते रिकामं असतं. हे अशक्य आहे असंही कुणी म्हणू नये. १९७० च्या दशकात डेव्हिड एल्सवर्थ या लाकूड कातणाऱ्या अमेरिकन कलाकाराने चोच वाकवलेली हत्यारं घेऊन अरुंद तोंडातून पातळ भिंतींची पात्रं कातली, आतलं दिसत नसताना, हाताच्या आणि कानाच्या भरवशावर. त्या पात्रांचे फोटो मी किती वेळा पाहिले असतील, मोजदाद नाही.

पण ज्या सरांनी मला लेथ, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायचं यंत्र, शिकवलं त्यांनी बजावून सांगितलं होतं, "पहिल्या पात्राला तोंड मुठीएवढं ठेव. लेथ थांबवून हात आत घालता आला पाहिजे." मी मान डोलावली, घरी आले आणि पेन्सिलने ४ सेंटिमीटरची खूण केली.

ओंडका आंब्याचा होता, ओला. उभा चिरून गाभा वगळला होता, कारण गाभा बुडात राहिला की तडा बहुधा तिथूनच सुरू होतो. बाहेरचा आकार सुरेख उतरला: उंची १४ सेंटिमीटर, पोट ११. मधोमध ड्रिलने भोक पाडून खोली ठरवली आणि मधून बाहेरच्या दिशेने पोखरायला घेतलं. खांद्याखालचं लाकूड सरळ दांडीच्या आवाक्यात येत नाही, तिथे वाकड्या चोचीचं हत्यार लागतं, आणि ती चोच लाकडात शिरली की दांडी हातात पीळ घेते. संध्याकाळपर्यंत खांदा आतून मोकळा झाला. माझे हात भरून आले होते. ओलं काम अर्धवट सोडू नये हे मला माहीत होतं. तरी पात्र चकमध्ये, म्हणजे लेथवर लाकूड धरणाऱ्या पकडीत, तसंच ठेवून, वर प्लास्टिकची पिशवी बांधून मी झोपायला गेले.

सकाळी लेथ सुरू केलं तर पोटाची कड धूसर दिसायला लागली, एका कडेवर दुसरी कड असावी तशी. लाकूड रात्रीत हललं होतं. ओलं लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. वर्षवलयांच्या रेषेत ते आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. म्हणजे बाहेरून पात्र किंचित अंडाकृती झालेलं, आणि आत माझं हत्यार गोलच कापणार. समोरासमोरच्या दोन बाजूंना भिंत पातळ निघणार, हे कागदावर दोन रेघा मारल्या असत्या तरी कळलं असतं. ती धूसर कड मी पाहिली आणि पुढे गेले.

जसजसं खोल जावं तसतशी दांडी टूल रेस्टच्या, म्हणजे हत्यार टेकवायच्या आधाराच्या, पुढे जास्त येते. पुढे आलेली लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच जोराला दांडी आठपट वाकते. माझी दांडी १२ मिलिमीटरची होती. १६ ची असती तर तिपटीहून ताठ राहिली असती. बुडाकडे पोचले तेव्हा टोक थरथरत होतं आणि ती थरथर कोपरापर्यंत येत होती. ओला किस चोचीभोवती गच्च बसायचा, मग हत्यार कापायचं सोडून नुसतं घासायचं. लेथ थांबवा, वाकड्या तारेने किस उकरा, पुन्हा सुरू करा. एवढ्याशा तोंडातून ते उकरण्यातच निम्मा वेळ जायचा. हळूहळू मी थांबायचं कमी केलं. भिंतीची जाडी मोजायचा कॅलिपर तर शेवटची वीसेक मिनिटं हातात घेतलाच नाही.

मग आवाज बदलला. आतापर्यंत घुमणारा आवाज एकदम कोरडा झाला, पत्र्यावर नख ओढावं तसा. भिंत पातळ झाली की असंच होतं, हे मला शिकवलेलं होतं. मला तो आवाज स्वच्छ ऐकू आला. आणि मी मनात म्हणाले, अजून एकच हात. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आतला किस तोंडातून यायचा तो पोटाच्या बाजूने माझ्या मनगटावर उडाला. लेथ बंद केलं. फिरणं थांबायला चार-पाच सेकंद लागले असतील. एका बाजूला करंगळी जाईल एवढी फट, कडा कागदासारख्या, ओल्या. समोरच्या बाजूला अंगठा टेकवला तर भिंत आत दबली. बॅटरी आत सोडली, तेव्हा त्या दोन बाजू नारिंगी उजळल्या आणि बाकीचं पात्र काळंच राहिलं.

पण मला बोचलं ते वेगळंच. त्या फटीतून आतली बाजू दिसत होती. वेड्यावाकड्या खाचा, उपसलेले तंतू, एकावर एक चढलेले कापाचे कट्टे. माझ्या वाडग्यांना आतून हेच व्हायचं. सर त्यात बोट फिरवायचे आणि काही न बोलता बाजूला ठेवायचे. अरुंद तोंडात कुणाचं बोट फार खोल जात नाही. ४ सेंटिमीटरची खूण करताना हे माझ्या मनात नव्हतं असं मी शपथेवर सांगू शकणार नाही.

तेव्हाची मी म्हणेल, आकार हवा होता म्हणून तोंड लहान, बाकी सगळं तू मागाहून जोडते आहेस. तिचं साफ खोटं नाही. खांद्याची ती रेघ आजही मला बरोबर वाटते. तोंड ७ सेंटिमीटरचं असतं तर ती तुटली असती, यावर मी कुणाशीही वाद घालीन. आणि तुमचं म्हणणंही निम्मंच बरोबर आहे: रात्रभर सोडलेलं काम आणि न लावलेला कॅलिपर मोठ्या तोंडालाही भोक पाडतो. पण तोंड मोठं असतं तर मी हात घालून भिंत चाचपली असती, हेही खरं. मग सरांचं चुकलं नव्हतं.

पात्र वाळलं तसं पोट एका दिशेने दुसरीपेक्षा जवळजवळ ४ मिलिमीटर आखूड झालं आणि भोकाच्या कडा बाहेर वळल्या. ते बुजवावं असं बऱ्याच जणांनी सुचवलं. बुजवलं नाही.

त्यानंतरच्या पात्रांना भोक पडलेलं नाही. आता दांडी १६ ची आहे, काम एका बैठकीत संपवते, आवाज बदलला की थांबते. तोंड मात्र अजून ४ सेंटिमीटरच ठेवते. लेथ थांबलं की दोन बोटं आत घालून पोचतील तिथवर फिरवते. खाचा अजून लागतात, पूर्वीपेक्षा कमी. बोटं पोचत नाहीत तिथलं कळत नाही.