आधी मिती, मग नाव

इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून सनदा, इनामपत्रं, कर्जरोखे अजूनही निघतात. मोडी वाचणारा भेटला की आपण आधी नावं विचारतो. माझं म्हणणं, आधी मिती, म्हणजे कागदावरची तारीख, सोडवा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, शब्द तोडलेले नसतात. नाव चुकलं तर पुढच्या कागदावर सुधारता येतं. साल चुकलं तर आजोबांच्या जागी पणजोबा बसतात, आणि ती चूक वंशावळीत कायमची राहते.

अहिल्याबाईंच्या निधनाचीच मिती घ्या: १३ ऑगस्ट १७९५, शके १७१७, श्रावण वद्य चतुर्दशी. मराठी दप्तरात हे साल ‘सु॥ सीत तिसैन मया व अलफ’ असं येईल; सु॥ म्हणजे सुहूर सन, अरबी संख्याशब्दांत लिहिलेला. सीत ६, तिसैन ९०, मया १००, अलफ १०००, एकूण ११९६. नवखा वाचक तिसैनला तीस समजतो आणि साठ वर्षं मागे जातो. सबा ७ आणि सबैन ७०, समान ८ आणि समानीन ८०, इथेही हाच घोटाळा होतो.

सुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. इसवी साल काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. दक्षिणी फसली, म्हणजे महसुली सन, असेल तर ५९० आणि ५९१. उत्तरेकडची फसली याहून दोन-तीन वर्षांनी वेगळी पडते, म्हणून कागद कुठल्या कचेरीचा हे आधी बघा.

माळव्यात खरी गोची महिन्याची. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या महाजनांच्या बहीतला, म्हणजे हिशेबवहीतला, पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोन्हीकडे सारखा, पण वद्य पक्षात त्यांचा महिना एक पुढे असतो. म्हणून आपली श्रावण वद्य चतुर्दशी इंदुरात भाद्रपद कृष्ण चतुर्दशी म्हणून पाळतात. एकाच व्यवहाराचे दोन कागद महिनाभर लांबचे वाटले, तर आधी हा फरक तपासा.

संवतातही तसंच. इथला संवत चैत्रात बदलतो, वडोद्याकडचा कार्तिकात. वरचीच मिती इथे संवत १८५२, तिकडे १८५१.

पडताळणी ‘छ’वरून करा. छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याचा दिवस. छ १ साधारण शुद्ध द्वितीयेच्या सुमारास येतो, तेव्हा वद्य चतुर्दशीला छ २७ किंवा २८ हवा. छ १२ दिसला तर तिथी किंवा आकडा, काहीतरी चुकीचं वाचलंय.

मिती पक्की झाली की वंशावळी लिहून ठेवणाऱ्या नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे जा. तिथे इंदूर सांगून भागत नाही. मूळ गाव आणि फडणीस, पोतनीस व्हायच्या आधीचं आडनाव सांगा.