सगळ्यात गरीब देशाला सगळ्यात जास्त मदत मिळते का?

अर्थशास्त्र शिकवते म्हणून हे मला बऱ्याचदा विचारलं जातं. श्रीमंत देश गरीब देशांना मदत देतात, ती वाटतात कशी? जो जास्त गरीब त्याला जास्त, असंच ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगते: नाही. गरिबी बघतात, पण देणाऱ्याची सोय बघून झाल्यावर. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेवर दहा देश दोन-दोन वर्षांसाठी निवडून येतात. कुझिएम्को आणि वर्कर या दोन अभ्यासकांनी २००६ मध्ये हिशेब मांडला, की अशी जागा मिळालेल्या देशाची अमेरिकी मदत सरासरी ५९ टक्क्यांनी वाढते आणि मुदत संपली की पुन्हा खाली येते. त्या दोन वर्षांत तिथली गरिबी काही वाढलेली नसते. वाढलेली असते ती त्या देशाच्या मताची किंमत.

आपणही हे सोसलं आहे. १९६५ आणि १९६६, लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला आणि देश पीएल ४८० या अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली येणाऱ्या गव्हावर आला. अध्यक्ष जॉन्सन यांनी लांब मुदतीचा करार टाळून गहू थोडा-थोडा सोडायला सुरुवात केली आणि निर्णय स्वतःच्या हातात ठेवला. भारताने शेती सुधारावी हा त्यांचा आग्रह होताच, शिवाय व्हिएतनामवरून दिल्लीने केलेली टीका त्यांना झोंबली होती. पुढचं जहाज कधी निघणार, यावर इथल्या रेशनचं गणित अवलंबून होतं.

नियमाने वाटणारंही कोणी आहे. जागतिक बँकेची आयडीए ही गरीब देशांना स्वस्त कर्ज आणि अनुदान देणारी शाखा १९६० मध्ये सुरू झाली. ती देशाची लोकसंख्या आणि दरडोई उत्पन्न बघते आणि कारभाराला १ ते ६ गुण देते: अंदाजपत्रक, कर्ज, शाळा-दवाखाने, भ्रष्टाचाराला आळा. या गुणांचं वजन सगळ्यात जास्त, गरिबीचं त्या मानाने फारच कमी. मला हे मनापासून खटकतं. कारभार वाईट मंत्र्यांचा आणि औषध कमी पडणार तिथल्या बाळंतिणीला! युद्धाने पोळलेल्या देशांसाठी वेगळी तरतूद असते, तीही अपुरीच. तरीही मी आयडीएच्या बाजूने आहे, कारण तिथला नियम लिहिलेला आहे. लिहिलेल्या नियमाशी भांडता येतं. कोणाच्या मर्जीशी कसं भांडणार? भारत कित्येक वर्षं आयडीएचा सगळ्यात मोठा ऋणको होता. उत्पन्न वाढलं तसे २०१४ मध्ये आपण तिच्या मदतीला पात्र देशांच्या यादीतून बाहेर पडलो.

आता आपण देणारे आहोत. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयाच्या मदतीतून भूतानला २,१५० कोटी रुपये आणि अख्ख्या आफ्रिका खंडाला २२५ कोटी. भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आत, आणि २०२३ च्या डिसेंबरात तो देश संयुक्त राष्ट्रांच्या अतिगरीब देशांच्या यादीतून बाहेरही पडला. तिथलं जलविद्युत आपल्याला हवं आहे, वर चीनची सीमा आहे. शेजारी सांभाळायलाच हवा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आफ्रिकेतल्या बुरुंडी, मलावीसारख्या अतिगरीब देशांच्या वाट्याला काय येणार, हे कोणत्या नियमाने ठरतं ते संसदेत कोणीतरी विचारायला हवं. गव्हाच्या जहाजाची वाट बघितलेल्या देशाने तरी नक्कीच.