डबल स्टँड

काकांचं हाड एक्स-रेत जुळलेलं दिसत होतं. सर्जननी ‘आता चाला’ म्हणून सांगून झालं होतं. आणि काका दोन खोल्या आणि गॅलरीच्या पलीकडे पाऊल टाकत नव्हते.

मी फिजिओथेरपिस्ट. पुण्यात बोपोडी, खडकी, दापोडी या पट्ट्यात घरोघरी जाऊन काम करते. लोक मला ‘व्यायामवाल्या बाई’ म्हणतात, काही घरांत ‘मालिशवाल्या’सुद्धा. त्यावरून भांडणं मी कधीच सोडून दिलंय. पाय वर करा, खाली करा, दहा वेळा, एवढंच आमचं काम अशी बहुतेकांची समजूत असते. तेही असतंच. पण पडून खुबा मोडलेल्या माणसाशी खरी झटापट हाड जुळल्यावर सुरू होते.

काका ६८ वर्षांचे. ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदललेत, पण खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते हे बदलत नाही, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. १८६९ पासूनचा कारखाना. भोंगा झाला की गेटातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, तो पाहिलेले लोक आमच्या भागात अजून आहेत. काका त्या लोंढ्यातले. निवृत्तीनंतरही दूध, भाजी, बँक, सगळं सायकलवरच. आणि पडले ते मात्र चालताना, फूटपाथवर. सिग्नल टाळायला मागून एक स्कूटर फूटपाथवर चढली, तिचा आरसा कोपराला लागला, काका डाव्या कुशीवर आपटले. स्कूटरवाला थांबला नाही. डाव्या मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं, ऑपरेशन करून आत रॉड बसवावा लागला.

पडण्याची भीती मोजायची आमच्याकडे एक प्रश्नावली असते. १६ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ४ गुण. म्हणजे अजिबात काळजी नसलेल्याचे १६ आणि पूर्ण हादरलेल्याचे ६४. आंघोळ करताना काळजी वाटते का, जिना चढताना, गर्दीत, उंचसखल जागेवर, फोन वाजायचा थांबायच्या आत उचलायला जाताना. काकांचे घरातल्या प्रश्नांचे गुण अगदी बरे होते. बाहेरच्या प्रत्येक प्रश्नाला चार. गर्दीच्या प्रश्नावर त्यांनी मला विचारलं, “ताई, तुम्हाला नाही का वाटत काळजी?”

मला उत्तर सुचलं नाही. त्यांच्या घरापासून दूधकेंद्रापर्यंतचा फूटपाथ मी पाहिलेला होता. विजेची पेटी, तिच्यापुढे उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, मग उखडलेले ब्लॉक, मग ओळीने लावलेल्या मोटारसायकली, आणि जिथे मोकळा तिथे त्यावरून धावणारी वाहनं. कागदावर गुण काकांच्या नावापुढे लागतात. फूटपाथला कोणी गुण देत नाही.

त्यात सर्जनचं एक वाक्य. तपासून झाल्यावर, पुढच्या पेशंटची फाइल उघडता उघडता ते म्हणाले होते, “सांभाळून हं, परत पडलात तर अवघड आहे.” सर्जन उत्तम आहेत, हात सोन्याचा, त्यांचा रॉड बघून मला दरवेळी बरं वाटतं. पण असली वाक्यं दारातून जाता जाता टाकायची नसतात. ‘चाला’ हा शब्द काकांनी तिथेच सोडला आणि ‘अवघड आहे’ घरी घेऊन आले.

घरात सगळं सुरळीत चाललं होतं. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, ही आमची नेहमीची चाचणी. त्यात बारा सेकंद किंवा जास्त लागले की पडण्याचा धोका धरतात. काका त्याच्या आत बसत होते. अडत होतं एका पायावर उभं राहण्यात. ओट्याला धरून डाव्या पायावर उभं केलं, की उजवा पाय जेमतेम उचलला जायचा आणि लगेच टेकायचा. “नाही जमत.” ताकद होती, ती मी हाताने दाबून तपासली होती. काठी दिली तर म्हणाले, म्हाताऱ्यांना द्या. वॉकर गॅलरीत, त्यावर टॉवेल वाळत. पासष्टीनंतर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचं वाक्य मी त्यांना ऐकवलं होतं. त्यांनी मान डोलावली. मान सगळेच डोलावतात.

वाट काकूंनी दाखवली, आणि तीही वैतागून. सुट्टीत नात येणार होती. जिन्याखाली मुलीची जुनी लेडीज सायकल गंज खात पडलेली. काकू म्हणाल्या, “ती तरी नीट करून आणा. दिवसभर फॅन बघत बसता.” काका काही बोलले नाहीत, पण मी जायला निघाले तेव्हा जिन्याखाली वाकून टायर दाबून बघत होते.

मुलगा हिंजवडीत कामाला. अतिशय चांगला मुलगा. फोनवर म्हणाला, “मॅडम, बाबांना कशाला दगदग? ॲपवरून माणूस बोलावतो, घरी येऊन करून जाईल.” अशा चांगल्या मुलांची मला धास्तीच वाटते. दूध घरी, भाजी घरी, औषधं घरी, बँक मोबाइलवर. बापाला घराबाहेर पडायला एकही कारण शिल्लक ठेवत नाहीत, आणि मग मला पैसे देऊन बापाला चालवायला सांगतात. मी म्हटलं, माणूस बोलावू नका, मी बरोबर जाते.

आता थोडं धंद्यातलं सांगते, कारण इथे मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं. काठी नेहमी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. लोक उलटं करतात. पाय डावा दुखत असेल तर काठी उजव्या हातात, म्हणजे डाव्या पायावर भार येताना कंबर एका बाजूला कलत नाही. सायकल हातात धरून चालणारा माणूस कुठे असतो? सायकलच्या डाव्या बाजूला. म्हणजे आधार त्याच्या उजवीकडे. काकांचा खुबा डावा. पुस्तकात काढलेल्या चित्रासारखं जुळत होतं. शिवाय काठी घेतलेल्या माणसाला सगळे म्हातारा समजतात, पण सायकल घेऊन चाललेल्याला कोणी काही समजत नाही. पंक्चर झालं असेल, एवढंच.

एक धोका मात्र आहे. चाकाचा आधार उतारावर पुढे पळतो. म्हणून आधी ब्रेक. वायर ताठ केली, गंजलेल्या लिव्हरला तेल घातलं, पुढचा ब्रेक धरतो याची खात्री केली. टायरमध्ये हवा नव्हती ती मी मुद्दाम भरू दिली नाही. चपटं टायर जड चालतं, पुढे पळत नाही. आणि हे वाचून कोणी घरच्या आजोबांच्या हातात सायकल देऊ नका. हाड जुळलंय का, पायात ताकद किती, हे बघितल्याशिवाय नाही.

निघालो सकाळी दहाला, शाळांची आणि ऑफिसची गर्दी ओसरल्यावर. काका मुख्य रस्त्यापर्यंत इतके हळू चालले की मागची रिक्षा हॉर्न वाजवून वाजवून थकली. पावलं आखूड, नजर जमिनीवर, हँडल इतकं घट्ट धरलेलं की बोटं पांढरी. पडले होते ती जागा वाटेतच होती. तिथे त्यांनी फूटपाथ सोडला आणि रस्त्याच्या कडेने, सायकल वाहनांच्या बाजूला ठेवून, चालायला लागले. मला ते बरं वाटलं नाही, मी म्हटलंही. “सायकल मधे आहे ना ताई. आता लागलं तर तिला लागेल.” त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येईना. गाड्याही सायकलला वळसा घालून जात होत्या, नुसत्या माणसाला घालतात त्यापेक्षा मोठा.

दुकान म्हणजे पिंपळाखाली टपरी, पाण्याचं घमेलं, लटकवलेल्या रिम्स. मेकॅनिक तिशीतला. त्याने मागच्या चाकाकडे बघून सांगितलं, “टायर-ट्यूब दोन्ही टाका काका, आणि रिमला आउट आहे.” म्हणजे रिम वाकडी झालीय.

“आउट तू नंतर काढ,” काका म्हणाले. “आधी हबमधे खेळ आहे तो बघ. छर्रे गेलेत.”

“कशावरून?”

आणि काकांनी सायकल डबल स्टँडवर घेतली.

ज्यांनी कधी सायकल मारली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. डबल स्टँड लावायचं म्हणजे सायकलच्या डाव्या बाजूला उभं राहून डावा हात हँडलला आणि उजवा कॅरिअरला घालायचा, उजव्या पायाने स्टँड जमिनीला दाबायचा आणि सायकल मागे-वर ओढायची. त्या क्षणी शरीराचा बराचसा भार डाव्या पायावर असतो.  मी ओट्यापाशी मागत होते तेच, आणि वर लोखंडाचं वजन. माझे हात आपोआप त्यांच्या कमरेमागे गेले होते. लावावे लागले नाहीत. खट् आवाज झाला, मागचं चाक अधांतरी. काकांनी ते हाताने डावी-उजवीकडे हलवून दाखवलं, “बघ, खेळ आहे का नाही?”

मेकॅनिकने हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, उघडला. छर्रे खरंच गेले होते, दोन तर फुटलेले. पुढचा अर्धा तास काका त्याच्या डोक्यावर उभे. ग्रीस किती घालायचं, छर्रे जागेवर धरणारा ‘कोन’ नावाचा नट किती आवळायचा, आवळून परत पाव आटा सैल कसा सोडायचा. मधेच ॲटलस सायकल कंपनीचा विषय निघाला; तिचा दिल्लीजवळच्या साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, तोही ३ जूनला, जागतिक सायकल दिनी, हे काकांना तारखेसकट पाठ. बसायला स्टूल पुढे केलं ते त्यांनी पायाने बाजूला सारलं. ज्या पायाने सारलं तो उजवा. मी मोबाइलवर वेळ बघायचं सोडून दिलं.

घरी येताना काही बोलले नाहीत. मीही डबल स्टँडचा विषय काढला नाही. काढला असता तर परत जमलं नसतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

पुढचं पटकन सांगते. नात आली, चार दिवस चालवून कंटाळली, मुंबईला परत गेली. सायकल काकांची झाली. रोजचं दूध परत सुरू झालं, मुलाने ॲपवरचं बंद केलं. सीट इतकी खाली घेतली की बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकतील. दांडी नसल्यामुळे पाय मागून टाकायची कसरत नाही. काकांची स्वतःची काळी बावीस इंची अजून जिन्याखालीच आहे, आणि तिच्याकडे त्यांनी बघू नये अशी माझी इच्छा आहे. सीटवर बसून पॅडल मारताना खुब्यावर चालण्यापेक्षा कमी भार येतो, हे समजावल्यावर काकूंचाही विरोध मावळला. पहाटे रेंजहिल्सच्या बाजूला झाडाखालच्या शांत रस्त्यांवर चकरा मारतात. हायवे ओलांडायचा असला की उतरून हातात धरून.

प्रश्नावली परत भरून घेतली. बाहेरचे गुण उतरलेत. गर्दीला अजून चारच.

माझी अडचण वेगळीच आहे. रिपोर्टच्या फॉर्मवर एक ओळ असते: विनाआधार, काठी, वॉकर, दुसऱ्या माणसाचा आधार, यांपैकी एक. मी काय लिहू? काका सायकलशिवाय घराबाहेर पडत नाहीत. ज्या दिवशी पंक्चर असतं त्या दिवशीसुद्धा ती हातात धरून नेतात. माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण म्हणते, हे परावलंबनच, काठी सोडवतो तशी सायकल सोडव, नाहीतर तू एक भीती काढून तिच्या जागी दुसरी सवय बसवलीस. ती हॉस्पिटलात काम करते. तिच्या कॉरिडॉरमध्ये स्कूटर येत नाहीत. पण तिचं म्हणणं पूर्ण खोडून काढता येत नाही मला. देवळाच्या पायऱ्या आहेत, डॉक्टरांचा जिना आहे, लग्नाचं कार्यालय आहे; तिथे सायकल कशी न्यायची? दोन लग्नांना ते गेलेच नाहीत, असं काकू परवा हळूच सांगत होत्या. दुसरीकडे असंही वाटतं, की उभा जन्म सायकलवर काढलेल्या माणसाला सायकल धरून चालणं म्हणजे साधं चालणंच. त्यातून त्याला सोडवायचं कशासाठी? फॉर्मवरची ओळ भरायला?

या आठवड्यात एक प्रयोग करायचा ठरवलाय. सायकल पिंपळाखाली सर्व्हिसिंगला ठेवायची आणि तिथून बँकेपर्यंत दोघांनी मोकळ्या हातांनी चालत जायचं. फोनवर काकांना सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “कशाला ठेवायची? बँकेसमोर सायकल लावायला चांगली जागा आहे की.”