हॉर्नवाल्यांचा शुक्रवार (वहीतली नोंद ७)

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की ऑलमन ब्रदर्स या अमेरिकन रॉक बँडच्या मार्च १९७१ मधल्या, न्यू यॉर्कच्या फिलमोर ईस्ट थिएटरातल्या चारही मैफिली महिन्याभरात ऐकून संपवतो. तीन महिने झाले. गाडी अजून १२ तारखेच्या शुक्रवारीच अडकलीय, आणि अडवलंय एका सॅक्सोफोननं.

जुलै १९७१ मध्ये आलेला दोन तबकड्यांचा अल्बम तेवढा ऐकलेले म्हणतील, कुठला सॅक्सोफोन? तिथं तो सापडायचा नाही. २०१४ साली सहा सीडींचा संच आला, त्यात शुक्रवार-शनिवारच्या मैफिली पूर्ण आहेत. वाजवणाऱ्याचं नाव रूडॉल्फ कार्टर, सगळे त्याला ‘ज्युसी’ म्हणायचे. बँडचा लाडका माणूस.

हॉर्न, म्हणजे सॅक्सोफोन-ट्रंपेटसारखी फुंकून वाजवायची वाद्यं, आणायची कल्पना वेडगळ नव्हती. दोन ड्रमरांपैकी जेमो आधी सोल गायक ओटिस रेडिंगच्या ताफ्यात वाजवायचा, आणि त्या संगीतात हॉर्नशिवाय पान हलत नाही. बँडचा म्होरक्या गिटारवादक ड्वेन ऑलमनला माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेन या जॅझवाल्यांचा नाद लागला तोही जेमोमुळेच. घोळ एवढाच झाला, की निर्माता टॉम डाउड नुकताच आफ्रिकेतून परतला होता आणि हे हॉर्न प्रकरण त्याच्या कानावरच नव्हतं. तो बाहेर रेकॉर्डिंगच्या गाडीत बसलेला, सोळा ट्रॅकची मशिनरी तयार, आणि अचानक यादीत नसलेले आवाज!

त्याला वाटलं, वाजवू देत, हॉर्नचे ट्रॅक नंतर पुसून टाकू. पण ते शेजारच्या प्रत्येक माइकमध्ये झिरपत होते. आमच्या सोसायटीच्या गणपतीतला कार्यक्रम मी एकदा रेकॉर्ड केला होता, तेव्हा हा झिरपा काय चीज आहे ते कळलं. गाणाऱ्या मुलीच्या माइकवर ढोलकीच जास्त. ढोलकीचा ट्रॅक बंद केला तरी ढोलकी तिथंच! तसंच हे. मधल्या सुट्टीत डाउड धावत ड्वेनकडे गेला: हॉर्न बंद करा. ड्वेननं फार हुज्जत घातली नाही. मैफल संपली की मंडळी बिअर आणि सँडविच घेऊन अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जायची, झालेलं ऐकायची, आणि पुढच्या खेळाला काय वाजवायचं ते त्यावरून ठरायचं. टॉम डूसेटचा माउथ ऑर्गन मात्र टिकला, अल्बमवरही आहे.

आता आमच्या ग्रुपमधल्या काकांची साक्ष. काका तेव्हा न्यू जर्सीत शिकत होते आणि शुक्रवारी सभागृहात हजर होते. सेकंड अव्हेन्यूवरचं ते थिएटर, अडीच हजारांच्या वर खुर्च्या. मी मोठ्या आशेनं फोन केला. काकांना त्याच रात्री वाजवलेल्या गिटारवादक जॉनी विंटरचे दिव्याखाली चमकणारे पांढरेशुभ्र केस आठवतात. मित्राचा हरवलेला मफलर आठवतो. हॉर्न? "अरे, हॉर्न वगैरे काही नव्हते रे." मी फोनवरच सीडी लावली. बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "हे त्या रात्रीचं नाहीच." माझा सीडीवर विश्वास आहे, पण काकांशी वाद कोण घालणार!

मग प्रयोग करून बघितला. आषाढात लग्नं नसतात, त्यामुळे आमच्या भागातल्या बँडचे ट्रंपेट मास्तर मोकळे होते. त्यांना घेऊन गच्चीवर गेलो, ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ लावलं. बँडचा दुसरा गिटारवादक डिकी बेट्सची रचना. आधी तो आवाजाची कळ फिरवत एकेक सूर व्हायोलिनसारखा फुलवतो, मग मुख्य धून दोन गिटार जोडीनं घेतात. मला सुचलं होतं की त्यातली एक ओळ ट्रंपेटनं घ्यावी. सूर जुळवण्यातच अर्धा तास गेला. ट्रंपेटवर सुरांची नावं एक घर सरकलेली असतात: गिटारचा ए म्हणजे मास्तरांच्या ट्रंपेटवर बी. मास्तरांनी दोनदा पिस्टन दाबून बघितले, नळीतलं पाणी झटकलं आणि चौथ्या खेपेला धून अचूक काढली. रोज वरातीत ऐनवेळी फर्माइशी काढणाऱ्या माणसाला तिचं काय कौतुक!

पुढं गिटारचा सोलो सुरू झाला आणि मास्तर थांबले. "साहेब, ह्यात मी श्वास कुठं घेऊ?"

तीन महिने ऐकूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ड्वेन आणि बेट्सची वाक्यं संपतच नाहीत. एक खाली ठेवायच्या आत दुसरा उचलतो, आणि जरा फट पडलीच तर ड्वेनचा भाऊ ग्रेगचा ऑर्गन तिथं बसलेला असतो. हॉर्नची करामत त्या फटीतच असते: गायकाची ओळ संपली, की दोन ठोसे मारायचे आणि गप्प बसायचं. इथं फटच नाही. हेडफोनची एक बाजू बंद केली की एक गिटार बरीचशी गळते. तसं करून मास्तरांना पुन्हा वाजवायला लावलं, तर ट्रंपेट असं काही खुललं की खालच्या मजल्यावरून टाळी आली. (त्याच मजल्यावरून नंतर तक्रारही आली.) झिरप्याचं कारण खरंच आहे. पण माझं मत आता असं, की झिरपा नसता तरी ज्युसीचे सूर त्या अल्बमवर उपरेच वाटले असते. या बँडचा हॉर्न सेक्शन म्हणजे त्या दोन गिटारी. काही जणांना हे पटणार नाही, माहीत आहे. शुक्रवारची सीडी ऐकून मग भांडा.

स्लाइडची (बोटात नळी घालून ती गिटारच्या तारांवर सरकवत वाजवायची) प्रगती: शून्य. ड्वेन कोरिसिडिन नावाच्या सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली अनामिकेत घालायचा. मी होमिओपॅथीच्या गोळ्यांची घातली. बोट गेलं, पण निघेना. साबणाच्या पाण्यानं सुटलं.

पुढचं गाणं ‘व्हिपिंग पोस्ट’. सुरुवातीची बेरी ओकलीची बेसची ओळ अकरा मात्रांची आहे, तीन-तीन-तीन-दोन असं मोजायचं. मास्तरांना ऐकवली तर ते बोटांवर मोजून म्हणाले, बारा हवेत, एक कुणीतरी खाल्लाय. गणपतीच्या सुपाऱ्या आल्यात, त्यामुळे आता अनंत चतुर्दशीनंतरच भेटतील. तोवर शुक्रवारची दुसरी मैफल.