बाबांची माळ, बाबांची भाकर

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

माहेरी आले आहे. सकाळी दादानं आणि मी बाबांच्या कबरीवरचं गवत काढलं. संध्याकाळी फादर येऊन कबरींना आशीर्वाद देतील. मधला वेळ रिकामा, म्हणून वही काढली.

बाबांचा जन्म १९५५ चा. कॅथलिक चर्चचा अमरावती धर्मप्रांतही त्याच साली झाला, म्हणून "मी अन् धर्मप्रांत एकाच वर्गातले," असं ते ऐटीत सांगायचे. लहानपणी ते वेदीसेवक, म्हणजे उपासनेत फादरांच्या हाताखालचं पोर होते, तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली ती उपासना, लॅटिनमध्ये असे. साठच्या दशकात रोमला भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली, पण पाठ केलेलं लॅटिन काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. डवरताना बैल अडले की 'एत कुम स्पिरितु तुओ' सुरू. अर्थ त्यांना आणि बैलांना सारखाच कळत असावा.

गाव त्यांना देवमाणूस म्हणे. देवमाणसाचा घरच्यांना जाचही असतो, हे गावाला कुठून माहीत! संध्याकाळची जपमाळ कुणाला चुकायची नाही. उद्या पेपर असो, पाहुणे असोत, चुलीवर वरण उतू जावो. सगळा कापूस सरकारलाच विकायचा, त्या एकाधिकार खरेदीच्या काळात कापूस घेऊन रांगेत रात्र काढावी लागे, तिथंही बंडीखाली पडून माळ. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जपमाळेत प्रकाशाची रहस्यं, म्हणजे मनन करायचे येशूच्या जीवनातले पाच नवे प्रसंग जोडले, तेव्हा दादानं कपाळाला हात लावला, आता माळ लांबणार म्हणून. लांबली नाही, कारण दर दिवशी रहस्यांचा एकच गट म्हणायचा असतो; ही नवी गुरुवारच्या वाट्याला आली. त्यातलं काना गावच्या लग्नाचं बाबांना भारी आवडे. मांडवात काय कमी पडलं ते येशूच्या मायच्या ध्यानात आलं अन् तिनं लेकाले सांगितलं, यात सारा संसार आला, म्हणायचे.

स्वतःच्या संसारात काय कमी पडतं ते मात्र त्यांना उशिरा दिसलं. आईचे गुडघे गेले तेव्हा. मग साठीच्या पुढचा हा माणूस भाकर शिकला. कोपरात, म्हणजे परातीत, ज्वारीचं पीठ मळायचे, थापायला घेतली की काठ फाटायचे. एकेक चीर ओल्या बोटानं सांधत बसत, तोवर तवा धुरायचा. शेवटपर्यंत भाकर गोल झाली नाही. आई नावं ठेवत खायची, पण दुसऱ्या कुणाच्या हातची मागत नसे.

कापसाच्या पहिल्या वेचणीला बाया वावरात सीतादही करतात. पऱ्हाटीपाशी, म्हणजे कापसाच्या झाडापाशी, पूजा मांडायची, दहीभात शिंपडायचा. दही आमच्याच घरून जाई. बाबा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टोपी काढून उभे राहत, क्रूसाची खूण करून प्रभूची प्रार्थना म्हणत आणि मग बायांच्या पंगतीत बसून दहीभात खात. एका नातेवाइकानं हटकलं, हे आपल्यात चालत नाही म्हणून. बाबा म्हणाले, "देव काय सातबारा पाहून पाऊस पाडते?" त्यांच्याकडून ऐकलेलं एवढंच प्रवचन मला पटलं. बाकीची फार लांब असत.

यंदा पाऊस लांबला, त्यामुळे पहिली वेचणी परवा आहे. वहिनी म्हणाली, पाकिटातलं दही आणू. आई भडकली. "तुह्या सासऱ्याले चाललं असतं. मले नाही चालत." तेव्हा उद्या रात्री विरजण लावायचं काम माझ्याकडे.