वाचनालयाची वेबसाइट नव्या सर्व्हरवर नेताना

आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट वर्डप्रेस या वेबसाइट चालवणाऱ्या प्रणालीवर आहे. जुन्या होस्टिंगची मुदत संपत आली, तेव्हा ती दुसऱ्या कंपनीच्या शेअर्ड, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या, सर्व्हरवर हलवायचं काम मी घेतलं. व्याख्यानांची टिपणं, ग्रंथयाद्या, दिवाळी अंकांची परीक्षणं असा वर्षानुवर्षांचा मराठी मजकूर तिच्यात आहे आणि त्यातला बराचसा दुसरीकडे कुठेच नाही. त्यामुळे साइट नुसती उघडून भागणार नव्हतं.

फाइली चढवल्या, मजकूर साठवणारा डेटाबेस पीएचपीमायअ‍ॅडमिन या साधनातून आयात केला. पहिला अडथळा किरकोळ होता. डेटाबेसशी जोडणीच होईना. शेअर्ड सर्व्हरवर डेटाबेसच्या आणि युजरच्या नावाआधी बहुतेक ठिकाणी आपल्या खात्याचं नाव लागतं, शिवाय त्या युजरला अधिकार वेगळे द्यावे लागतात. ते केल्यावर गाडी पुढे सरकली आणि 500 एररवर, म्हणजे सर्व्हरच्या आत काहीतरी बिघडल्याच्या संदेशावर, अडली.

सपोर्टवाल्यांचं उत्तर आलं, "सर, आमचा सर्व्हर अप आहे, तुमच्या थीमचा प्रॉब्लेम असेल." थीम म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइली. शेअर्ड सर्व्हरवर मुख्य सेटिंग्ज आपल्या ताब्यात नसतात, पण एरर लॉग (चुकांची नोंद) असतो. प्लगिन (जोड-प्रोग्राम) बंद-चालू करत बसण्याआधी तो उघडावा, असं माझं ठाम मत आहे. लॉगमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की डॉट एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरला सूचना देणाऱ्या फाइलीतली 'पीएचपी_व्हॅल्यू' ही आज्ञा सर्व्हरला ओळखता येत नाही. अपलोडची मर्यादा वाढवणाऱ्या त्या ओळी जुन्या सर्व्हरच्या होत्या. तिथे पीएचपी (वर्डप्रेसची प्रोग्रामिंग भाषा) अपाचे या सर्व्हर-सॉफ्टवेअरच्या मॉड्यूलमधून चालायचं, इथे एफपीएम या वेगळ्या प्रोग्राममधून चालतं. टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या असतात, त्या आधी दिसत्या कराव्या लागतात. ओळी काढल्या आणि त्याच मर्यादा डॉट युजर डॉट आयएनआय फाइलीत लिहिल्या. ही फाइल पीएचपी सहसा 300 सेकंदांनी पुन्हा वाचतं, म्हणून लगेच फरक दिसला नाही तरी थांबायचं.

अशा वेळी हमखास मिळणारा 'सगळ्याला 777 परवानगी द्या', म्हणजे कुणालाही फाइल बदलू द्या, हा सल्ला कुणीही ऐकू नये. त्याच यंत्रावर कितीतरी अनोळखी खाती नांदत असतात. फोल्डरला 755 आणि फाइलींना 644 पुरतं.

नंतर साइटऐवजी आलेलं कोरं पांढरं पान वर्डप्रेसचा डिबग लॉग (चुकांची नोंद) चालू केल्यावर उलगडलं. जुनी थीम 'क्रिएट_फंक्शन' हे पीएचपीचं जुनं फंक्शन वापरत होती आणि ते पीएचपी 8 मधून काढून टाकलेलं आहे. तेवढा भाग नव्या पद्धतीने लिहिला.

साइट उघडली, पण मराठीचा पार चेंदामेंदा झालेला. ग्रंथपाल मॅडमचा लगेच फोन, "अहो, सगळा मजकूर गेला का?" मी पान नीट बघितलं. जागोजागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' (à) दिसत होता, आणि त्यानेच मला धीर आला. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट लॅटिन-1 (युरोपीय भाषांसाठीची जुनी पद्धत) म्हणून वाचला की नेमका हाच 'ए' उमटतो. म्हणजे बाइट शाबूत होते, वाचण्यात गफलत होती. तिथे प्रश्नचिन्हं साठवली गेली असती, तर मूळ अक्षरं परत मिळाली नसती.

वर्डप्रेसच्या जुन्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलीत कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरांची पद्धत, कोरा होता आणि टेबलं लॅटिन-1 ची, त्यामुळे बाइट जसेच्या तसे आत जात आणि तसेच बाहेर येत. नव्या कॉन्फिगमध्ये यूटीएफ8एमबी4 (डेटाबेसमधलं पूर्ण यूटीएफ-8) होतं, आणि डेटाबेस इमानेइतबारे त्या बाइटांचं रूपांतर करू लागला. टेबल थेट यूटीएफ8एमबी4 केलं असतं, तर हा घोळच कायमचा साठवला गेला असता. म्हणून आधी बॅकअप घेतला. मग मजकुराचा कॉलम आधी ब्लॉब केला, म्हणजे डेटाबेस त्याला मजकूर न मानता निव्वळ बाइट मानतो, आणि ब्लॉबवरून पुन्हा टेक्स्ट करताना यूटीएफ8एमबी4 सांगितलं. आधी फक्त शीर्षकांच्या कॉलमवर करून बघितलं. पान रिफ्रेश केलं आणि 'ज्ञानेश्वरी' हा शब्द जोडाक्षरासकट लख्ख आला. मग लेख, प्रतिक्रिया, वर्गवाऱ्या असे बाकीचे कॉलम केले.

जाता जाता लेखांच्या वेब-पत्त्यांचंही बघितलं. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला 200 वर्णांची जागा देतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तिथे 9 वर्ण खातं. बाविसेक चिन्हांतच मराठी शीर्षक तुटतं. जुने पत्ते लोकांनी एकमेकांना पाठवलेले आहेत, त्यांना हात लावला नाही. नव्या लेखांना मॅडम आता छोटा रोमन पत्ता देतात.