‘कामगाराचा निष्काळजीपणा’ ही ओळ खोडेपर्यंत

चाकणच्या एका ऑटो-पार्ट्स कारखान्यात मी टूलरूममध्ये आहे; पत्र्याला आकार देणारे साचे, म्हणजे डाय, आमच्याकडे असतात. आमच्या प्रेस शॉपमध्ये रात्रपाळीत एका ऑपरेटरच्या उजव्या हाताची तर्जनी पॉवर प्रेसखाली आली आणि दोन पेरं गेली. चौकशी समितीत सुरक्षा अधिकारी, मेंटेनन्सचे इंजिनिअर, एचआर आणि कामगार प्रतिनिधी यांच्यासोबत मलाही घेतलं, कारण डाय टूलरूमची. असे अपघात औद्योगिक वसाहतींत होत राहतात, पण पुढची चौकशी आतून कशी चालते याबद्दल फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कायद्याचा भाग लवकर उरकतो. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८८ प्रमाणे, अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त काळ काम करू शकला नाही तर कारखाना निरीक्षकाला कळवावं लागायचं. ईएसआयचा, म्हणजे कामगार विमा योजनेचा, अपघात अहवाल वेगळा भरायचा. ते सगळं वेळेत झालं. अडलं ते आमच्या अंतर्गत अहवालातल्या ‘अपघाताचे कारण’ या रकान्यात. पहिल्या बैठकीला गेलो तेव्हा मसुदा तयारच होता: कामगाराने दोन हातांच्या बटणांपैकी उजवे बटण पाचर मारून दाबून ठेवले व निष्काळजीपणे डायमध्ये हात घातला.

दोन्ही हात बटणांवर, म्हणजे डायच्या बाहेर, राहावेत म्हणून प्रेसला दोन बटणं असतात. पाचरीचा तपशील खरा होता. लाकडाचा तुकडा बटणाच्या कडेत ठोकलेला सापडला होता. त्याच अधिनियमाचं कलम १११ सांगत होतं की कामगारानं सुरक्षेच्या साधनात मुद्दाम ढवळाढवळ करू नये, त्यामुळे एचआरनं आरोपपत्राची भाषा सुरू केली होती. मी एवढंच म्हटलं, की सही करण्याआधी त्याच प्रेसवर, त्याच डायवर, रात्रपाळीत काम कसं चालतं ते बघू द्या.

बघायला उभा राहिलो आणि बरंच कळलं. स्ट्रोक झाला, म्हणजे वरची डाय एकदा खाली येऊन गेली, की ब्रॅकेट (तयार झालेला जॉब) खालच्या डायमध्ये चिकटून बसायचा. तो हवेच्या झोतानं उडून बाहेर पडावा अशी रचना होती, पण कॉम्प्रेसरची लाइन वेल्डिंग शॉपबरोबर सामायिक. तिकडे मशीन जोरात चालली की इकडचा गेजचा काटा खाली यायचा आणि जॉब जागचा हलायचा नाही. मग तो हातानं काढायचा. चिमटा दिला होता, पण तेलकट पत्र्यावरून तो घसरायचा. शिवाय दोन्ही बटणं दाबायची तर दर स्ट्रोकला चिमटा खाली ठेवा, पुन्हा उचला. पाचर मारली की डावा हात बटणावर आणि उजवा जॉब काढायला मोकळा. पोळ्या लाटताना एक हात लाटण्यावर नि दुसरा तव्यावर चालतो तसे ते दोन हात आपापल्या लयीत चालतात. जॉब अडकला, उजवा हात क्षणभर जास्त आत राहिला, आणि डाव्यानं सवयीनं बटण दाबलं.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि चौकशीत त्या वेगळ्या ठेवल्याच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. पाचर ही त्या शॉपची रीतच होती. शेजारच्या प्रेसवरही ती होती, तिन्ही पाळ्यांत होती, येणारेजाणारे रोज बघत होते. डाव्या हाताचं बटण दाबणं ही मात्र निव्वळ चूक, कुणाकडूनही होणारी. तिच्यासाठी शिक्षा करून काय साधणार? पुढच्या माणसाचा हात त्याच लयीत चालणार आहे.

बोट गेलेल्या त्या ऑपरेटर मुलाला भेटायला गेलो तेव्हा तो गप्पच होता. आम्ही त्याची सही घ्यायला आलोय असंच त्याला वाटलं. ‘हात का घातलास?’ या प्रश्नावर तर त्यानं मान खाली घातली. मग विचारलं, ‘डाय चढवल्यापासून त्या रात्री काय काय झालं, तेवढं सांग.’ त्यावर तो बोलायला लागला. म्हणाला, ‘साहेब, त्या डायला जॉब चिकटतोच. पाचर काढली तर पाळीचा आकडा भरत नाही. आणि आकडा नाही भरला तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटवरच थांबवतो.’ हे वाक्य आमच्या एकाही कागदावर नव्हतं.

मशीनचं बघितलं तर आणखी निघालं. दोन हातांच्या बटणांचं चांगलं सर्किट दोन्ही बटणं साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक देतं, आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा देत नाही. तिथे पाचर मारून काही उपयोगच नाही. आमचं पॅनेल जुनं, त्यात ही सोय नव्हती. लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, होता, पण लेन्सवर तेल उडालं की तो प्रेस थांबवायचा, म्हणून तो बंद ठेवायची, म्हणजे बायपासची, किल्ली पॅनेललाच लावून ठेवलेली. मेंटेनन्सच्या वहीत ‘कर्टन ट्रिप’ अशा नोंदी पानोपानी होत्या. अंतर मोजलं तर तेही कमी. हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. प्रेस थांबायला ०.२ सेकंद लागत असेल तर तेवढ्यात हात ४० सेंटिमीटर पुढे जातो. कर्टन त्याच्या आत बसवला असेल तर दिवा लागेल, पण बोट वाचणार नाही.

शेवटच्या बैठकीत एचआरच्या मॅडमनी रास्त शंका काढली: कारवाई नाही केली तर उद्या सगळेच पाचर मारतील. मी त्यांना अल्फॉन्स चॅपनिस यांचं उदाहरण सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे वैमानिक जमिनीवर उतरल्यावर फ्लॅपऐवजी (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांऐवजी) चुकून चाकं आत घेत. चांगले तयार वैमानिक होते ते. चॅपनिस या मानसशास्त्रज्ञानं पाहिलं की दोन्ही खटके एकसारखे आणि शेजारी शेजारी आहेत. त्यानं चाकांच्या खटक्याला रबरी चाक लावलं आणि फ्लॅपच्या खटक्याला निमुळता आकार दिला, म्हणजे हाताला न बघता फरक कळावा. मॅडमना ते पटलं असं मी म्हणणार नाही, पण आरोपपत्र थांबलं. पाचरीची नोंद अहवालात राहिली, ‘निष्काळजीपणा’ची ओळ खोडली, आणि कारणांत डाय, हवेचा दाब, पॅनेल, बायपास आणि टार्गेट ही पाचही आली. टार्गेट लिहून घ्यायला सगळ्यात जास्त वाद झाला.

ही यादी आल्यामुळे कामं निघाली. टूलरूममध्ये आम्ही त्या डायला स्प्रिंगच्या लिफ्टर पिन बसवल्या, जॉब आता आपोआप उचलला जातो. प्रेस लाइनला हवेची स्वतंत्र टाकी आली. सर्किट बदललं, कर्टन मागे सरकवला, आणि बायपासची किल्ली शिफ्ट इनचार्जकडे रजिस्टरवर सही करून मिळते. जुन्या की-क्लच प्रेसवर मात्र कर्टन लावून फसू नका. त्या मशीनचा स्ट्रोक एकदा सुटला की मध्ये थांबत नाही. तिथे आम्ही फक्त पत्रा आत जाईल एवढी फट ठेवून पक्का गार्ड लावला.

नियर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेले अपघात, लिहायच्या कार्डांचा डबा मात्र बरेच दिवस रिकामाच राहिला. ठेकेदाराचं गेटवर थांबवणं बंद झालं, त्यानंतर पहिलं कार्ड आलं: एका प्रेसच्या पेडलला कव्हर नाही.

तो मुलगा आता स्टोअरमध्ये आहे. भरपाईच्या कायद्याच्या अनुसूचीत तर्जनीची दोन पेरं गेली की कमाईची क्षमता ११ टक्के घटली असं धरतात. तो उजव्या हाताचा आहे, साधा नट बोटांत धरून फिरवायला त्याला त्रास होतो, आणि हे त्या ११ टक्क्यांत कुठे बसतं ते मला सांगता येणार नाही.

प्रेस लाइनवरच्या सगळ्या डायची यादी आम्ही केली आहे. ज्यांतून जॉब हातानं काढावा लागतो त्या आधी घेतल्यात. निम्म्याहून जास्त अजून व्हायच्या आहेत, आणि त्या होईपर्यंत त्या डाय रात्रपाळीत चढवायच्या नाहीत असं प्रॉडक्शनकडून लेखी घेतलंय.